विभाजकावरून ॲरेचे तुकडे करणे

ॲरेमध्ये एखादे ठरावीक मूल्य अधूनमधून येत असेल आणि त्या मूल्यापाशी ॲरे तोडून लहान ॲरे मिळवायचे असतील, तर त्या मूल्याला विभाजक म्हणतात. ओळींच्या यादीतील कोरी ओळ, सेन्सरच्या नोंदींमधील शून्य, नेटवर्कवरून येणाऱ्या बाइट्समधील एक राखीव बाइट ही विभाजकाची नेहमीची रूपे. विभागणीचा कोड दहा-बारा ओळींत संपतो. तरीही अशा कोडमध्ये चुका राहतात, कारण लूप लिहिण्याआधी जे प्रश्न सोडवायला हवेत ते बहुधा सोडवलेलेच नसतात. विभाजक कोणत्या तुकड्यात जाईल? दोन विभाजक लागून आले तर काय? ॲरे विभाजकाने संपला तर? ही उत्तरे आधी ठरली की कोड जवळजवळ आपोआप सुचतो.

पुढील विवेचनात एकच उदाहरण वापरले आहे. मूळ ॲरे [४, ७, ०, २, ०, ०, ९, ०] असा आहे आणि विभाजक ० आहे.

स्ट्रिंगची विभागणी आणि ॲरेची विभागणी

बहुतेक भाषांमध्ये स्ट्रिंग तोडण्यासाठी तयार फंक्शन असते. जावास्क्रिप्ट, पायथन, जावा आणि रुबीमध्ये ते स्प्लिट या नावाने आहे, तर पीएचपीमध्ये एक्सप्लोड या नावाने. ॲरेसाठी मात्र अशी सोय सर्वत्र नाही. जावास्क्रिप्टच्या ॲरेला स्प्लिट नाही. पीएचपीतील ॲरे-चंक हे फंक्शन ठरावीक लांबीचे तुकडे पाडते, मूल्य पाहून नाही.

म्हणून काही जण आडवाट धरतात: ॲरे जोडून स्ट्रिंग करायची, ती स्प्लिटने तोडायची आणि तुकड्यांचे पुन्हा ॲरे करायचे. ही युक्ती टाळावी. जावास्क्रिप्टमध्ये [१०, ०, ५] हा ॲरे स्वल्पविरामांनी जोडून मिळालेली स्ट्रिंग '०' या चिन्हावर तोडली, तर दहामधले शून्यही विभाजक ठरते आणि दहाचा केवळ एक उरतो. शिवाय संख्या स्ट्रिंग होतात, 'नल' मूल्याची रिकामी स्ट्रिंग होते, आणि एखाद्या घटकातच स्वल्पविराम असेल तर त्याचे दोन घटक होतात. घटकांचा मूळ प्रकार टिकवायचा असेल तर विभागणी ॲरेवरच करावी.

आधी ठरवायच्या गोष्टी

पहिला प्रश्न विभाजकाच्या जागेचा. त्याला तीन उत्तरे आहेत. विभाजक गाळला तर उदाहरणातून [४, ७], [२], [], [९], [] असे पाच तुकडे मिळतात. विभाजक आधीच्या तुकड्याच्या शेवटी ठेवला तर [४, ७, ०], [२, ०], [०], [९, ०] असे चार तुकडे होतात. तो पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला ठेवला तर [४, ७], [०, २], [०], [०, ९], [०] असे पाच तुकडे होतात. जनुकीय क्रम साठवणाऱ्या फास्टा फाइलमध्ये शीर्षकाची ओळ पुढच्या नोंदीची असते, म्हणून तेथे तिसरा पर्याय योग्य. वाक्यांच्या शेवटचा पूर्णविराम राखायचा असेल तेथे दुसरा.

दुसरा प्रश्न रिकाम्या तुकड्यांचा. उदाहरणात दोन शून्ये लागून आली आहेत. त्यांच्यामध्ये काहीच नाही ही माहिती महत्त्वाची असेल तर रिकामा तुकडा ठेवावा, नसेल तर गाळावा. स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यात दोन स्वल्पविराम लागून आले तर मधला रकाना कोरा आहे असा अर्थ होतो. तो गाळला तर पुढचे सगळे रकाने एक घर डावीकडे सरकतात. याउलट परिच्छेद वेगळे करताना एक कोरी ओळ असो वा तीन, फरक पडत नाही. ऑक या युनिक्स साधनात नोंद-विभाजक रिकामा ठेवला की ते नेमके असेच वागते: लागोपाठच्या कोऱ्या ओळी एकच विभाजक धरल्या जातात आणि सुरुवातीच्या कोऱ्या ओळींकडे दुर्लक्ष होते.

तिसरा प्रश्न शेवटाचा. विभाजक आणि समाप्तिचिन्ह या दोन वेगळ्या कल्पना आहेत. विभाजक दोन तुकड्यांच्या मध्ये असतो, समाप्तिचिन्ह प्रत्येक तुकड्याच्या शेवटी. पॉसिक्स मानकात ओळीची व्याख्या नवओळीच्या चिन्हाने संपणारा मजकूर अशी आहे, म्हणजे तेथे नवओळ हे समाप्तिचिन्ह ठरते. पायथनमध्ये नवओळीवर स्प्लिट केले तर अशा फाइलच्या शेवटी एक जादा रिकामी स्ट्रिंग मिळते, स्प्लिटलाइन्स वापरले तर मिळत नाही. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत.

चौथा प्रश्न रिकाम्या ॲरेचा. मुळात एकही घटक नसेल तर उत्तर 'एक रिकामा तुकडा' असावे की 'एकही तुकडा नाही' असे? पायथनमध्ये रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली तर एक रिकामी स्ट्रिंग असलेली लिस्ट मिळते. विभाजक न देता तोडली तर लिस्टच रिकामी येते. आपले फंक्शन यांपैकी कोणत्या बाजूचे आहे ते आधीच लिहून ठेवावे.

मूळ पद्धत

विभाजक गाळणारी आणि रिकामे तुकडे राखणारी पद्धत सर्वांत सोपी आहे. बाकीचे पर्याय तिच्यातूनच निघतात.

विभागणी(यादी, विभाजक):
— निकाल = []
— चालू = []
— यादीतील प्रत्येक घटकासाठी:
—— घटक विभाजकाइतका असेल तर: निकालात चालू जोडा; चालू = नवा []
—— नसेल तर: चालूमध्ये घटक जोडा
— लूप संपल्यावर: निकालात चालू जोडा
— निकाल परत करा

उदाहरणावर ही पद्धत चालवली तर ४ आणि ७ चालू तुकड्यात जातात. पहिले शून्य आले की [४, ७] निकालात जातो आणि नवा तुकडा सुरू होतो. २ नंतरच्या शून्याला [२] निकालात जातो. लगेचच पुढचे शून्य येते तेव्हा चालू तुकडा रिकामाच असतो, तो तसाच निकालात जातो. मग [९], आणि लूप संपल्यावर शेवटचा रिकामा तुकडा.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, लूपनंतरची जोडणी विसरणे. ॲरे विभाजकाने संपत नसेल तर त्यामुळे शेवटचा पूर्ण तुकडा हरवतो. चाचणीचा ॲरे विभाजकाने संपणारा असेल आणि रिकामे तुकडे गाळले जात असतील, तर ही चूक चाचणीत दिसतच नाही.

दुसरी चूक म्हणजे नवा ॲरे न घेता जुनाच रिता करणे. पायथन, जावास्क्रिप्ट, जावा यांसारख्या भाषांमध्ये निकालात ॲरेची प्रत जात नाही, संदर्भ जातो. 'चालू' रिता करून पुन्हा वापरला तर निकालातील पाचही नोंदी एकाच ॲरेकडे बोट दाखवतात. वरच्या उदाहरणात मग पाचही तुकडे रिकामे दिसतील.

रिकामे तुकडे नको असतील तर निकालात जोडताना 'चालू रिकामा नसेल तरच' ही अट दोन्ही ठिकाणी घालावी. विभाजक आधीच्या तुकड्यात हवा असेल तर निकालात जोडण्यापूर्वी तो चालू तुकड्यात घालावा. मग तो समाप्तिचिन्ह ठरतो, म्हणून लूपनंतर 'चालू' रिकामा असल्यास जोडू नये. पुढच्या तुकड्यात हवा असेल तर नव्या तुकड्याची सुरुवात विभाजकानेच करावी.

इंडेक्सची पद्धत आणि मेमरी

घटक एकेक करून हलवण्याऐवजी तुकड्यांच्या सीमा नोंदवता येतात. 'आरंभ' ही संख्या शून्यावर ठेवावी. इंडेक्स पुढे नेताना विभाजक सापडला की आरंभापासून त्या इंडेक्सच्या आधीपर्यंतचा भाग हा एक तुकडा. त्यानंतर आरंभ विभाजकाच्या पुढच्या जागी न्यावा. शेवटी आरंभापासून ॲरेच्या अंतापर्यंतचा भाग घ्यावा. उदाहरणात विभाजकांचे इंडेक्स २, ४, ५ आणि ७ आहेत.

या पद्धतीचा खरा फायदा प्रत न करता मूळ ॲरेचा भाग दाखवता येतो अशा भाषांत मिळतो. रस्टमधील स्लाइस, गोमधील स्लाइस आणि नमपायमधील व्ह्यू हे मूळ मेमरीकडेच पाहतात. त्यामुळे मोठ्या ॲरेची विभागणी स्वस्तात होते. मात्र मूळ ॲरे बदलला तर तुकडाही बदलतो. रस्टचा कंपायलर असे बदल रोखतो, गो आणि नमपाय रोखत नाहीत. गोमध्ये आणखी एक धोका आहे. तुकड्याला क्षमता शिल्लक असताना त्यात नवा घटक जोडला तर तो मूळ ॲरेतील पुढच्या घटकावर लिहिला जातो. तिसरा इंडेक्स देऊन क्षमता मर्यादित केली की हा धोका टळतो. एक छोटा तुकडा जपून ठेवला तरी त्यामागचा संपूर्ण मोठा ॲरे मेमरीत अडकून राहतो, हेही लक्षात ठेवावे. पायथनच्या लिस्टमध्ये मात्र स्लाइस घेतली की प्रत होते.

दोन्ही पद्धतींत प्रत्येक घटक एकदाच तपासला जातो, म्हणून लागणारा वेळ ॲरेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. हे प्रमाण नकळत बिघडवणारे दोन मार्ग टाळावेत. पायथनच्या लिस्टमधून पुढचा घटक दर वेळी काढून घेतला तर उरलेले सगळे घटक एक जागा सरकतात. जावास्क्रिप्टमध्ये रिड्यूस वापरून प्रत्येक फेरीत पूर्ण निकालाची नवी प्रत केली तरी तोच परिणाम होतो. ॲरे दहापट झाला की वेळ शंभरपट होतो.

भाषांमधील तयार सोयी

तयार सोय वापरताना तिने वरचे चार प्रश्न कसे सोडवले आहेत ते पाहावे, कारण नाव सारखे असूनही वागणूक वेगळी असते.

रस्टमधील स्लाइसची स्प्लिट पद्धत एक अट घेते आणि ती अट पूर्ण करणाऱ्या घटकांवर तोडते. ती रिकामे तुकडे राखते, सुरुवातीचे आणि शेवटचेही. स्प्लिट-इन्क्लुसिव्ह ही तिची बहीण विभाजक आधीच्या तुकड्याच्या शेवटी ठेवते आणि शेवटचा विभाजक समाप्तिचिन्ह मानते. स्विफ्टमध्येही ॲरेला स्प्लिट आहे, पण तेथे रिकामे तुकडे गाळणे हेच मूळ वर्तन आहे. ते राखायचे असतील तर तसे स्पष्ट सांगावे लागते. म्हणून रस्टमधून स्विफ्टमध्ये किंवा उलट कोड नेताना तुकड्यांची संख्या बदलू शकते.

रुबीमध्ये स्लाइस-बिफोर आणि स्लाइस-आफ्टर या पद्धती विभाजक अनुक्रमे पुढच्या आणि आधीच्या तुकड्यात ठेवतात. विभाजक गाळून तोडणारी स्प्लिट ही ॲरेसाठीची पद्धत रेल्सच्या ॲक्टिव्ह सपोर्टमधून मिळते.

पायथनच्या इटरटूल्समधील ग्रुपबाय लागोपाठ येणाऱ्या सारख्या घटकांचे गट करते. 'घटक शून्य आहे का' ही कसोटी दिली तर उदाहरणातून [४, ७], [०], [२], [०, ०], [९], [०] असे गट पडतात. शून्यांचे गट वगळले की [४, ७], [२], [९] उरतात. म्हणजे ही पद्धत रिकामे तुकडे कधीच देत नाही. ते हवे असतील तर ग्रुपबाय निरुपयोगी आहे. शिवाय तिने दिलेले गट मूळ प्रवाहालाच जोडलेले असतात. पुढच्या गटाकडे जाण्याआधी चालू गटाची लिस्ट करून ठेवली नाही तर त्यातील घटक निघून जातात. क्लोजरमधील पार्टिशन-बाय हीदेखील अशाच लागोपाठच्या गटांच्या तत्त्वावर चालते.

नमपायमधील स्प्लिटला विभाजक नव्हे तर इंडेक्स द्यावे लागतात. शून्यांचे इंडेक्स शोधून ते दिले की विभाजक पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला येतो. तो नको असेल तर पहिला तुकडा सोडून बाकीच्या प्रत्येकाचा पहिला घटक काढून टाकावा.

जावास्क्रिप्टमध्ये साधा लूप हाच सर्वांत वाचनीय मार्ग आहे. जावाच्या स्ट्रिंग-स्प्लिटची सवय असलेल्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा: ते फंक्शन शेवटच्या रिकाम्या स्ट्रिंग मुकाट्याने गाळते. त्या राखण्यासाठी मर्यादेच्या जागी ऋण संख्या द्यावी लागते. ॲरेसाठी स्वतः लिहिलेले फंक्शन तसे वागणार नाही.

'सारखे' म्हणजे काय

विभाजक ओळखण्यासाठी तुलना लागते आणि तुलनेचे नियम भाषेगणिक बदलतात. पायथनमध्ये ० आणि 'फॉल्स' समान ठरतात, म्हणून मिश्र ॲरेत शून्यावर तोडताना 'फॉल्स'वरही तुकडे पडतात. जावास्क्रिप्टमध्ये दोन बरोबर चिन्हांची सैल तुलना ० आणि रिकामी स्ट्रिंग यांना समान मानते, म्हणून तीन बरोबर चिन्हांची काटेकोर तुलना वापरावी.

'संख्या नाही' हे सूचित करणारे नॅन हे मूल्य स्वतःशीही समान नसते. सेन्सरच्या नोंदींत खंड दाखवण्यासाठी नॅन वापरले असेल तर साध्या तुलनेने एकही तुकडा पडणार नाही. त्यासाठी नॅन तपासणारे खास फंक्शन वापरावे.

जावामध्ये इंटिजर वस्तूंची तुलना दोन बरोबर चिन्हांनी केली तर मूल्यांची नव्हे, संदर्भांची तुलना होते. –१२८ ते १२७ या मर्यादेतील वस्तू जावा साठवून पुन्हा वापरते, त्यामुळे विभाजक –१ असताना कोड बरोबर चालतो आणि तो ९९९ केला की बिघडतो. तेथे इक्वल्स वापरणे हाच उपाय.

मजकुराच्या ओळींमध्ये 'कोरी' ओळ खरोखर कोरी असेलच असे नाही. तिच्यात रिकाम्या जागा असू शकतात, म्हणून तुलनेआधी कडेच्या जागा काढून घ्याव्यात. देवनागरी मजकुरात अदृश्य जोडचिन्ह मागे राहिलेले असू शकते. ते रिकाम्या जागेत मोडत नसल्याने पायथनची स्ट्रिप पद्धत ते काढत नाही. असा मजकूर हाताळताना ती चिन्हे वेगळी काढावीत.

या सर्व कारणांमुळे फंक्शनला विभाजकाचे मूल्य देण्यापेक्षा 'हा घटक विभाजक आहे का' हे सांगणारी अट देणे अधिक सोयीचे ठरते. एकाच फंक्शनने मग मूल्य, नॅन, कोरी ओळ किंवा '१०० पेक्षा मोठी संख्या' अशा कोणत्याही कसोटीवर तोडता येते.

अनेक घटकांचा विभाजक

कधी कधी विभाजक एका घटकाचा नसून घटकांच्या ओळीचा असतो. उदाहरणार्थ १३ आणि १० हे लागोपाठचे बाइट, ज्यांनी अनेक इंटरनेट प्रोटोकॉलमध्ये ओळ संपते. तेथे प्रत्येक इंडेक्सपाशी विभाजकाची पूर्ण लांबी जुळते का ते पाहावे. जुळली तर तुकडा बंद करून इंडेक्स विभाजकाच्या लांबीइतका पुढे न्यावा. एकमेकांवर चढणाऱ्या जुळण्यांबाबत डावीकडून पहिली जुळणी धरण्याचा रिवाज आहे. त्यानुसार [०, ०, ०] हा ॲरे [०, ०] या विभाजकावर तोडला तर [] आणि [०] असे दोन तुकडे मिळतात. विभाजकाची लांबी शून्य असेल तर फंक्शनने सरळ चूक दाखवावी, नाहीतर इंडेक्स पुढेच जात नाही.

डेटा भागाभागाने येत असेल तर संपूर्ण ॲरे हाती येण्याची वाट पाहू नये. तुकडा पूर्ण झाला की तो लगेच पुढे द्यावा आणि अर्धवट तुकडा पुढच्या भागासाठी राखून ठेवावा. अनेक घटकांच्या विभाजकात १३ एका भागाच्या शेवटी आणि १० पुढच्या भागाच्या सुरुवातीला येऊ शकतो. म्हणून विभाजकाच्या लांबीपेक्षा एकाने कमी इतके शेवटचे घटक निर्णय न देता पुढच्या फेरीत न्यावेत.

डेटातच विभाजक आला तर

विभागणी बिनचूक होण्याची पूर्वअट अशी की विभाजक डेटामध्ये येता कामा नये. तापमानाच्या नोंदींत शून्य हे खरे तापमानही असू शकते, मग शून्य विभाजक म्हणून चालत नाही. ॲस्की संचात २८ ते ३१ हे चार संकेत फाइल, गट, नोंद आणि घटक वेगळे करण्यासाठीच राखलेले आहेत. साध्या मजकुरात ते येत नाहीत.

डेटात कोणताही बाइट येऊ शकत असेल तर बदलचिन्ह लागते. १९८८ च्या आरएफसी १०५५ मध्ये वर्णिलेल्या स्लिप प्रोटोकॉलमध्ये पॅकेटच्या शेवटी १९२ हा बाइट येतो. डेटात १९२ आला तर त्याऐवजी २१९ आणि २२० पाठवतात. खुद्द २१९ आला तर २१९ आणि २२१. घेणारा आधी १९२ वर तुकडे करतो आणि मग प्रत्येक तुकड्यातील जोड्या मूळ रूपात आणतो. हा क्रम उलटा केला तर डेटातील १९२ विभाजक समजला जाईल. वाहिनीवरचा खडखडाट वेगळा काढण्यासाठी पॅकेटच्या आरंभीही १९२ पाठवण्याची सूचना त्याच दस्तऐवजात आहे. त्यामुळे लागून आलेल्या दोन चिन्हांमध्ये रिकामे पॅकेट तयार होते आणि ते टाकून द्यायचे असते.

दुसरा उपाय म्हणजे विभाजकच न वापरता प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिणे. मग डेटात काय आहे याची चिंता उरत नाही, पण एक लांबी चुकली की पुढचे सारे तुकडे चुकतात. विभाजक असेल तर पुढच्या चिन्हापाशी पुन्हा मार्गावर येता येते.

तपासणी

रिकामे तुकडे राखणाऱ्या आणि विभाजक गाळणाऱ्या फंक्शनसाठी तीन गोष्टी नेहमी खऱ्या ठरल्या पाहिजेत. तुकड्यांची संख्या विभाजकांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त असावी. सर्व तुकड्यांच्या लांबींची बेरीज आणि विभाजकांची संख्या मिळून मूळ ॲरेची लांबी यावी. तुकडे विभाजक घालून पुन्हा जोडले की मूळ ॲरे जसाच्या तसा मिळावा. उदाहरणात चार विभाजक, पाच तुकडे आणि चार डेटा-घटक आहेत. चार आणि चार मिळून आठ, हा हिशेब जुळतो. रिकामे तुकडे गाळले तर तिसरा नियम टिकत नाही, कारण किती विभाजक लागून होते ही माहितीच नाहीशी होते.

या नियमांची चाचणी यादृच्छिक ॲरेंवर करावी. त्यांखेरीज पुढील ॲरे हाताने तपासावेत: रिकामा ॲरे, एकही विभाजक नसलेला ॲरे, केवळ एक विभाजक असलेला ॲरे, सगळेच घटक विभाजक असलेला ॲरे, विभाजकाने सुरू होणारा, विभाजकाने संपणारा, आणि मध्ये दोन विभाजक लागून असलेला. फंक्शनने मूळ ॲरे बदललेला नाही आणि एका तुकड्यात केलेला बदल दुसऱ्या तुकड्यात उमटत नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. तुकडे मुद्दाम मूळ मेमरीकडेच पाहणारे ठेवले असतील, तर फंक्शनच्या वर्णनात तसे नमूद करावे.